एसएसबीतले स्ववर्णन पाठ करून लिहिता येत नाही

प्रति,
मा. संपादक,

विषय : सैन्यदलातील अधिकारी निवडीच्या चाचणीत उमेदवारांनी स्वतःविषयी लिहावयाचा मजकूर

महोदय,

एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आणि सीडीएस (संयुक्त संरक्षण सेवा) या सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या परीक्षांचे लेखी निकाल लागले की जिल्ह्यातील उत्तीर्ण मुलामुलींची नावे आपण छायाचित्रांसह छापता आणि त्यामुळे गावोगावच्या मुलांना हुरूप येतो, याबद्दल आपले आभार मानावेत तेवढे थोडेच आहेत. परंतु लेखी परीक्षेत उत्तीर्ण होणे हा अर्धाच प्रवास असतो. एनडीएच्या लेखी परीक्षेला ९०० गुण असतात आणि त्यानंतर सेवा निवड मंडळासमोर, म्हणजे मुलांच्या तोंडी रुळलेल्या भाषेत एसएसबीला, होणाऱ्या निवडीलाही ९०० गुणच असतात. राष्ट्रीय छात्र सेनेच्या ‘सी’ प्रमाणपत्रावर मिळणाऱ्या विशेष प्रवेशासाठी तर लेखी परीक्षाच नसते. तिथे गुणवत्ता यादी एसएसबीच्याच गुणांवर लागते. या पाच दिवसांच्या निवडीत उमेदवाराला स्वतःविषयी पाच छोटे परिच्छेद लिहावे लागतात. त्यांची तयारी आपल्याकडे ज्या पद्धतीने केली जाते ती मुलांचे नुकसान करणारी आहे, आणि ती सुधारणे पालक व शिक्षक यांच्या हातात आहे, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी मराठी शिकवत होते आणि त्याबरोबरच छात्र सेनेच्या मुलींच्या तुकडीची जबाबदारीही अनेक वर्षे माझ्याकडे होती. निवृत्तीनंतरही आसपासच्या गावांतली मुलेमुली एसएसबीला जाण्यापूर्वी आपली वही घेऊन माझ्याकडे येतात. त्या वह्या वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते, ती अशी की वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या घरांतल्या मुलांनी स्वतःविषयी लिहिलेला मजकूर जवळजवळ एकसारखा असतो. ‘माझे आईवडील मला आज्ञाधारक, प्रामाणिक आणि जबाबदार समजतात. माझ्या शिक्षकांच्या मते मी कष्टाळू आणि शिस्तप्रिय विद्यार्थी आहे. माझे मित्र मला मदतीला धावून येणारा मानतात.’ नाव झाकले तर हा परिच्छेद कोणाचा हे त्या मुलाच्या आईलाही सांगता येणार नाही.

या चाचणीचे स्वरूप पालकांना ठाऊक नसते, म्हणून ते थोडक्यात सांगते. दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रीय चाचण्या होतात. आधी १२ चित्रांवर, ज्यांतले शेवटचे कोरेच असते, प्रत्येकी चार मिनिटांत गोष्ट लिहायची असते. मग ६० शब्द एकामागून एक दाखवले जातात आणि प्रत्येक शब्दावर १५ सेकंदांत मनात येईल ते वाक्य लिहायचे असते. त्यानंतर ३० मिनिटांत ६० प्रसंगांना आपण काय केले असते हे सांगायचे, आणि सर्वांत शेवटी १५ मिनिटांत स्ववर्णन. त्यात आईवडिलांचे आपल्याविषयी काय मत आहे, शिक्षकांचे किंवा नोकरी करत असल्यास वरिष्ठांचे काय आहे, मित्रांचे काय आहे, आपण स्वतः स्वतःकडे कसे पाहतो आणि पुढे कशा प्रकारची व्यक्ती होण्याची आपली इच्छा आहे, हे लिहायचे असते. हात आणि डोके दोन्ही थकलेले असताना ही शेवटची पंधरा मिनिटे येतात. पाठ केलेला मजकूर अशा वेळी भराभर उतरवता येतो आणि म्हणूनच मुलांना तो सोयीचा वाटतो.

पण हा कागद एकटा वाचला जात नाही. एसएसबीची सारी रचनाच ‘मनसा, वाचा, कर्मणा’ या सूत्रावर उभी आहे. मानसशास्त्रज्ञ उमेदवाराचे मन त्याच्या लिखाणातून पाहतात, मुलाखत घेणारे अधिकारी त्याचे बोलणे ऐकतात, आणि मैदानावरील गटचाचण्या घेणारे अधिकारी, ज्यांना मुले जीटीओ म्हणतात, त्याची कृती पाहतात. तिघेही स्वतंत्रपणे आपले मत बनवतात आणि शेवटच्या दिवशीच्या बैठकीत ती मते समोरासमोर ठेवली जातात. मानसशास्त्रज्ञ उमेदवाराची वेगळी मुलाखत घेत नाहीत. त्यांच्यापुढे असतो तो फक्त लिहिलेला कागद. एखाद्या मुलाने स्ववर्णनात ‘मी पुढाकार घेतो’ असे लिहिले आणि त्याच्या बारा गोष्टींतला नायक मात्र प्रत्येक वेळी पोलिसांची किंवा मोठ्या भावाची वाट पाहत बसलेला असला, तर त्या वाक्याची किंमत काय राहते? मैदानावर तोच मुलगा फळी आणि दोर हातात घेऊन इतर सांगतील तेवढेच करत असेल, तर प्रश्न आणखीच गंभीर होतो. पाठ केलेला परिच्छेद मुलाला नुसता निरुपयोगी ठरत नाही, तो त्याच्याविरुद्धच साक्ष देतो.

हे साचे येतात कुठून, तेही पाहिले पाहिजे. अधिकाऱ्याच्या अंगी असावेत असे १५ गुण निवड मंडळाने निश्चित केलेले आहेत. आकलन, तर्कशक्ती, संघटनकौशल्य, जबाबदारीची जाणीव, पुढाकार, निर्णयाची तत्परता, धैर्य, चिकाटी असे ते गुण आहेत. काही मार्गदर्शन वर्गांत ही यादी मुलांना पाठ करायला लावतात आणि मग तिच्यातली विशेषणे पाच परिच्छेदांत वाटून देतात. या वर्गांत गटचर्चेचा, मैदानावरील अडथळ्यांचा चांगला सराव करून घेतला जातो, हे मी मान्य करते, आणि ग्रामीण मुलाला त्याचा उपयोगही होतो. परंतु स्ववर्णनाच्या बाबतीत त्यांची रीत चुकीची आहे. ते पंधरा गुण ही मूल्यमापन करणाऱ्याची मोजपट्टी आहे; उमेदवाराने तीच मोजपट्टी उतरवून परत द्यावी अशी कोणाचीही अपेक्षा नसते.

मग चांगले स्ववर्णन कसे असते? नमुन्यादाखल आईवडिलांच्या मताचा परिच्छेद घेऊ. ‘आईवडील मला जबाबदार समजतात’ या वाक्याऐवजी एखाद्या मुलाने असे लिहिले : ‘वडील साखर कारखान्यात रात्रपाळीला असतात तेव्हा आजीची औषधे आणि जनावरांचे पाणी मी बघतो, त्यामुळे आईला काळजी वाटत नाही. धाकट्या बहिणीच्या प्रवेशाची कागदपत्रे या वर्षी वडिलांनी माझ्यावर सोपवली. मी कामे शेवटच्या दिवसावर ढकलतो, ही त्यांची तक्रार आहे. आता मी आठवड्याची कामे रविवारी लिहून काढतो. अजून सगळी वेळेवर होत नाहीत, पण आई आता आठवण करत नाही.’ या मजकुरात एकही भारदस्त विशेषण नाही. तरीही वाचणाऱ्याला घर दिसते, मुलाचे त्या घरातले स्थान कळते, त्याचा दोष कळतो आणि त्या दोषाशी तो कसा झगडतो आहे हेही कळते. मुलाखतीत यातल्या कोणत्याही वाक्यावर प्रश्न आला तरी तो गडबडणार नाही, कारण उत्तर त्याच्या जगण्यात आहे.

दोषांविषयी थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण मुले इथे दोन्ही बाजूंनी घसरतात. काहीजण दोष लिहीतच नाहीत, किंवा ‘मी कामात फारच बुडून जातो’ असा दोषाच्या वेषातला गुण लिहितात. याउलट, खरे लिहायचे असे कोणी सांगितले की काही मुले ‘मी आळशी आहे, मला फार राग येतो, मला लोकांसमोर बोलता येत नाही’ अशी यादी करून मोकळी होतात. प्रामाणिकपणा म्हणजे स्वतःवर आरोपपत्र दाखल करणे नव्हे. दोष लिहावा तो नेमका, एका प्रसंगापुरता, आणि त्यावर आपण काय करतो आहोत हे सांगणारा. लोकांसमोर बोलताना घसा कोरडा पडणाऱ्या एका मुलीने गावातल्या बचत गटाच्या बैठकीचा वृत्तांत दर महिन्याला वाचून दाखवण्याचे काम स्वतःहून मागून घेतले होते. तिच्या वहीत या गोष्टीचा उल्लेखही नव्हता, कारण बचत गट हा एसएसबीत सांगण्यासारखा विषय नाही असे तिने गृहीत धरले होते. घरातली भांडणे, नातेवाइकांविषयीच्या तक्रारी असे खासगी तपशील मात्र तिथे मांडण्याचे कारण नाही.

‘सांगण्यासारखे काही नाही’ ही समजूत आपल्या भागातल्या मुलांमध्ये इतकी खोलवर आहे की तिच्याविषयी लिहावे तेवढे थोडे. शहरातल्या मुलाकडे राज्यस्तरीय वक्तृत्वाची ढाल असते, गिर्यारोहणाचे प्रमाणपत्र असते, म्हणून त्याच्याकडे लिहिण्याजोगे खूप आहे आणि आपल्याकडे काहीच नाही, असे त्यांना वाटते. दूध संकलन केंद्रावर पहाटे हिशेब ठेवणारा मुलगा, गणेश मंडळाची वर्गणी आणि खर्च यांचा ताळमेळ लावून तो फलकावर लिहिणारा मुलगा, टँकर आल्यावर वस्तीतल्या हंड्यांची पाळी ठरवून देणारी मुलगी, २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे शेजारच्यांची जनावरे उंचावर नेऊन बांधणारी शाळकरी मुले, या सगळ्यांनी संघटन, निर्णय आणि सहकार्य प्रत्यक्ष केलेले आहे. ते केल्यावर त्याला काय म्हणतात हे त्यांना कोणी सांगितले नाही, एवढेच. ढाल नसल्याने काही अडत नाही. आपण केले त्याकडे नीट पाहायला कोणी शिकवले नाही, त्याने अडते.

मुलींच्या बाबतीत हे अधिक तीव्रतेने जाणवते. २०२२ मध्ये खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये ती शिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. मुलींसाठी राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था नाशिकला सुरू झाली आहे. दारे उघडली आहेत, पण वहीतले वाक्य अजून जुनेच आहे : ‘आई म्हणते, मी घरकामात मदत करते आणि कधी उलट बोलत नाही.’ आईने खरोखर एवढेच पाहिले असेल का? त्याच मुलीने वडिलांच्या आजारपणात तालुक्याच्या दवाखान्यात एकटीने कागदपत्रे केली असतील, भावाची अभ्यासाची गाडी रुळावर आणली असेल. न विचारल्यामुळे ते आईच्या तोंडून कधी बाहेर पडत नाही आणि मुलीच्या लेखणीतून उतरत नाही.

यासाठी माझी पहिली सूचना अगदी साधी आहे. मुलांनी आईवडिलांना, शिक्षकांना आणि मित्रांना प्रत्यक्ष विचारावे. प्रश्न आहे तो ‘त्यांचे तुमच्याविषयी काय मत आहे’ असा. तो त्यांना न विचारता खोलीत बसून कल्पनेने सोडवणे हेच मुळात विचित्र आहे. ‘माझी कोणती गोष्ट तुम्हाला आवडते?’ असे विचारले तर कौतुक मिळते. त्याऐवजी ‘तुम्ही कोणते काम माझ्यावर निर्धास्तपणे सोपवाल आणि कोणते सोपवणार नाही?’ असे विचारावे. आपल्या जिल्ह्यात पिढ्यानपिढ्या सैन्यात गेलेली घरे आहेत. पहिल्या महायुद्धात आपले ४६ जवान गमावलेले अपशिंगे हे गाव इथलेच, आणि देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये सुरू झाली तीही साताऱ्यातच. ज्या घरात आजोबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले, त्या घरातल्या नातवाने आजोबांचे मत विचारलेच पाहिजे. ज्यांनी आयुष्यभर अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली काम केले आणि चांगला अधिकारी व दुबळा अधिकारी यांतला फरक जवळून पाहिला, त्यांच्याइतका पारखी परीक्षक त्या मुलाला दुसरीकडे मिळणार नाही.

दुसरी सूचना लिहिण्याविषयी. पहिला मसुदा मराठीतच करावा. इंग्रजीत लिहायला बसले की मुलांच्या हाती तयार विशेषणे लागतात, कारण त्या भाषेतले त्यांचे शब्द पाठ्यपुस्तकातून आलेले असतात. मराठीत लिहिताना प्रसंग आठवतात. ते प्रसंग कागदावर आल्यानंतर छोट्या, सोप्या वाक्यांत इंग्रजी करावे. ही इंग्रजी निबंधाची परीक्षा नव्हे, त्यामुळे अवघड शब्दांचा काहीही लाभ नाही. पाच परिच्छेदांना पंधरा मिनिटे, म्हणजे एकाला तीन; तेवढ्या वेळात हाताने चार-पाच वाक्ये होतात, म्हणून प्रत्येक परिच्छेदात एक किंवा दोनच प्रसंग निवडावेत. मसुदा पाठ मात्र करू नये. प्रसंग मनात पक्के असले की शब्द त्या त्या वेळी येतात.

शेवटच्या, भावी व्यक्तिमत्त्वाच्या परिच्छेदाबाबत स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. बहुतेक मुले तिथे ‘मला सैन्यात अधिकारी होऊन देशसेवा करायची आहे’ असे लिहितात. ही इच्छा कितीही खरी असली तरी तो त्या प्रश्नाचा अर्धवट प्रतिसाद आहे, कारण विचारले आहे ते कशा प्रकारची व्यक्ती व्हायचे आहे हे. वरच्या परिच्छेदांत जो दोष लिहिला तो इथे पुढे न्यावा, आपल्यात काय वाढायला हवे आणि त्यासाठी आतापासून काय सुरू केले आहे ते लिहावे. असे केले की पाचही परिच्छेद एकाच माणसाचे वाटतात.

पहिल्या दिवशी भरावयाच्या माहिती अर्जाचाही, ज्याला पीआयक्यू म्हणतात, याच्याशी मेळ असायला हवा. मुलाखतीचे प्रश्न बरेचसे त्याच अर्जावरून निघतात. छंद म्हणून ‘वाचन’ लिहायचे आणि अलीकडे काय वाचले हे सांगता येऊ नये, खेळ म्हणून कबड्डी लिहायची आणि शेवटचा सामना दहावीत खेळलेला असावा, हे आपली मुले सर्रास करतात. जे केलेले नाही ते लिहू नये. वेळ असेल तर ते करायला लागावे. एनडीएची लेखी परीक्षा एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये होते आणि त्यानंतर एसएसबीला बोलावणे येईपर्यंत हाती काही महिने असतात. त्या काळात एखाद्या मुलाने वस्तीतल्या लहान मुलांचा अभ्यास नियमित घेतला किंवा रोज सकाळी चार मित्रांना जमवून धावायला नेले, तर त्याचा परिच्छेद सुधारेलच, आणि मुख्य म्हणजे तोही सुधारेल. कागद सुधारण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

‘सगळेच जण छापील लिहितात, मग आमच्याच मुलाने खरे लिहून धोका का पत्करावा?’ असे पालक मला विचारतात. त्यांची काळजी मी समजू शकते. घरातल्या कोणी तरी पहिल्यांदा अधिकारी होण्याची संधी असते आणि वर्गाची फी भरण्यासाठी कर्जही काढलेले असते. पण जिथे एकाच प्रकारचे कागद गठ्ठ्याने येतात, तिथे स्वतःच्या आयुष्यातले लिहिणारा मुलगा वाचणाऱ्याच्या नजरेत भरतो, तो मागे पडत नाही. शिवाय निवड झालीच नाही, तरी वयात बसेपर्यंत पुन्हा प्रयत्न करता येतो, आणि ज्याने एकदा स्वतःकडे नीट पाहिले आहे त्याला दुसऱ्या खेपेला काय बदलायचे हे कळते. साचा पाठ केलेल्या मुलाला तेही कळत नाही. तो फक्त दुसरा साचा शोधतो.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलाने स्ववर्णन दाखवायला आणले तर ते लिहून देऊ नका आणि त्याची भाषा सजवूही नका. समासात फक्त प्रश्न लिहा : केव्हा? कुठे? सोबत कोण होते? मग काय झाले? तुझ्याऐवजी दुसरा असता तर काय केले असते? तीन वेळा हे प्रश्न विचारून झाले की परिच्छेद आपोआप त्या मुलाचा होतो. आणि प्रगतिपुस्तकावर ‘समाधानकारक’ किंवा ‘प्रगती चांगली’ असा शेरा मारण्याऐवजी त्या विद्यार्थ्याने वर्षभरात केलेल्या एका गोष्टीचा उल्लेख करा. मोठ्या वर्गात हे अवघड आहे, याची मला जाणीव आहे. तरीही नववीपासून वर्षाला एक वाक्य मिळत गेले, तर बारावीच्या मुलाला ‘शिक्षकांच्या मते मी’ या परिच्छेदासाठी कल्पनेचा आधार घ्यावा लागणार नाही.

आपल्या राज्यात सैनिक कल्याण विभागाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिक रोड येथे आहे. एसएसबीला पात्र ठरलेल्या महाराष्ट्रातील युवकांना तिथे प्रशिक्षण, निवास आणि भोजन विनामूल्य मिळते, आणि त्याची चौकशी प्रत्येक जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात करता येते. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून एनडीएसाठी मुलांना तयार करते आहे. कर्ज काढून खासगी वर्ग लावणाऱ्या अनेक पालकांना यांतले काहीच माहीत नसते. लेखी परीक्षेच्या निकालाची बातमी आपण छापाल तेव्हा तिच्याखाली या केंद्राची आणि जिल्हा कार्यालयाची माहितीही चौकटीत द्यावी, अशी आपणास विनंती करते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका व माजी छात्र सेना अधिकारी,
जि. सातारा